नाण्यांची अठ्ठी

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी दोन दिवसांसाठी घरी आली होती. ती चित्रकार आहे. मुलांच्या पुस्तकांतली चित्रे, मुखपृष्ठे, कधी एखाद्या कंपनीचे कॅलेंडर, अशी कामे करून मुंबईत स्वतःच्या हिमतीवर राहते. दुपारची जेवणे झाली, बाहेर पावसाने धार धरलेली. आमच्या लहानपणी अशा वेळी हमखास पत्त्यांचा कॅट निघे आणि मेंढीकोट नाहीतर बदाम सात सुरू होई. तिनेही पिशवीतून कॅट काढला, पण तो टॅरोचा होता.

तिच्या मनात एक पेच होता. एका प्रकाशन संस्थेने तिला मुलांच्या पुस्तकांची मालिका देऊ केली होती. साठ चित्रे, मोबदला एकरकमी. करारात एक कलम असे की चित्रांवर तिचे नाव येणार नाही आणि पुढे कितीही आवृत्त्या निघाल्या तरी तिचा त्यावर काही हक्क राहणार नाही. काम घ्यावे की सोडावे? तिने पत्ते पिसले आणि मला एक काढायला सांगितले. मी काढला. नाण्यांची अठ्ठी निघाली.

ज्यांनी हा पत्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. निळा अंगरखा घातलेला एक तरुण कारागीर बाकावर बसला आहे. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात छिन्नी. तो एका गोल चकतीवर पाच टोकांची चांदणी कोरतो आहे. तयार झालेल्या चकत्या शेजारच्या खांबावर एकाखाली एक टांगलेल्या आहेत. लांबवर, अगदी लहान, एक गाव दिसते. त्याचे लक्ष गावाकडे नाही आणि गावातले कोणी त्याच्याकडे आलेले नाही. बस्स, एवढेच चित्र.

पुतणीने सोबतची पुस्तिका उघडली. अर्थ स्पष्ट होता : मेहनत, कसब, हाताला मिळणारे नवे काम. तिचा चेहरा उजळला. पत्ता म्हणतो आहे, काम घे! मी मात्र चष्मा कपाळावर सरकवून पत्ता डोळ्यांजवळ नेला. मी स्वतः तीसेक वर्षे मासिकांसाठी रेखाटने करून पोट भरले आहे. चित्र समोर आले की आधी सही शोधायची, ही त्या धंद्याची खोड. सही होती. खालच्या बाजूला, एखाद्या वेलीने अंग मुरडावे तशी गुंतलेली तीन इंग्रजी अक्षरे : पी, सी, एस. मी पुतणीला विचारले, ही कोण? तिने डब्याकडे पाहिले. डब्यावर दोन नावे होती, रायडर आणि वेट. त्यांतल्या एकाचीही आद्याक्षरे ही नव्हेत.

ती आद्याक्षरे पामेला कोलमन स्मिथची. आज जगभर टॅरोचे पत्ते म्हणून जे पत्ते ओळखले जातात, वर्तमानपत्रांत, चित्रपटांत, दूरचित्रवाणीवर जे दिसतात, त्यांतील बहुतेक एकतर तिने काढलेले असतात किंवा तिच्या चित्रांवरून बेतलेले असतात. मी या बाईविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि जसजसे वाचत गेलो तसतसा त्या अठ्ठीचा अर्थ पुस्तिकेतल्या चार शब्दांपासून दूर जाऊ लागला.

मुळात टॅरो हा भविष्याचा प्रकार नव्हे. तो पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा इथल्या सरदारी वाड्यांत तो खेळला जाई. पत्ते अठ्ठ्याहत्तर. त्यांतले बावीस चित्रांचे हुकूम : वेडा, जादूगार, सम्राज्ञी, मृत्यू, सूर्य वगैरे. उरलेले छप्पन्न आपल्या ओळखीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे : पेले, तलवारी, सोटे आणि नाणी. या पत्त्यांत इजिप्तचे पुरातन ज्ञान दडले आहे, अशी हूल कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने १७८१ मध्ये उठवली. पुरावा काहीच नव्हता. पण लोकांना ती कल्पना आवडली आणि तिथून पत्त्यांचा रस्ताच बदलला. आपल्याकडे देवळाबाहेर बसणारा पोपटवाला निदान आपल्या पोपटाला इजिप्तचा म्हणवत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. त्या छप्पन्न पत्त्यांपैकी एक्का ते दश्शी या चाळीस पत्त्यांवर पूर्वी चित्र असे ते नावापुरतेच. आपल्या चौकट अठ्ठीवर जसे आठ चौकट असतात, तशी नाण्यांच्या अठ्ठीवर आठ नाणी, मध्ये फार तर एखादी वेलबुट्टी. कारागीर नाही, बाक नाही, लांबचे गाव नाही. मग तो माणूस तिथे आला कुठून? १९०९ च्या उन्हाळ्यात लंडनमधील एकतीस वर्षांच्या एका बाईने त्याला तिथे आणून बसवले.

पामेलाचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ चा, लंडनमधील पिमलिको भागातला. आईवडील अमेरिकन. बालपण मँचेस्टरजवळ गेले. ती अकराएक वर्षांची असताना वडिलांना जमैकात रेल्वे बांधणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडे हलले. तिथे तिच्या कानावर पडल्या त्या अनान्सीच्या गोष्टी. अनान्सी म्हणजे कोळी, जाळे विणणारा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ज्या थोड्या गोष्टी सोबत नेल्या त्यांतला हा एक लबाड, चतुर प्राणी. आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्याचा लांबचा भाऊ म्हणा. पामेलाने त्या गोष्टी तिथल्याच बोलीत पाठ केल्या. पुढे १८९९ मध्ये त्यांचे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये निघाले, चित्रेही तिचीच. लंडनच्या दिवाणखान्यांत ती रंगीबेरंगी वेष करून, जमिनीवर मांडी घालून त्या सांगत असे आणि मोठमोठी माणसे ऐकत बसत.

पंधराव्या वर्षी ती ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकायला गेली. तिथे आर्थर वेस्ली डाऊ हे शिक्षक होते. जपानी लाकडी ठशांच्या छपाईचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता : ठळक बाह्यरेषा, सपाट रंग, रिकाम्या जागेचे भान. टॅरोचे पत्ते समोर धरले की ही शिकवणी लगेच ओळखू येते. १८९६ मध्ये आई गेली. पदवी न घेताच १८९७ मध्ये तिने शिक्षण सोडले. १८९९ च्या डिसेंबरात वडीलही गेले. एकवीस वर्षांची पोरकी मुलगी, हातात कुंचला, आणि कमाई जेमतेम.

तिला आधार दिला तो नाटकवाल्यांनी. लंडनचे लायसियम थिएटर त्या वेळी गाजत होते. हेन्री अर्व्हिंग आणि एलेन टेरी ही तिथली नामांकित जोडी. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर तिथला व्यवस्थापक. एलेन टेरीने पामेलाला जवळ केले आणि तिचे नाव ठेवले पिक्सी, म्हणजे छोटी परी. पामेला नेपथ्य, वेषभूषा, चित्रे, जे पडेल ते करी. लहानपणापासून तिला पुठ्ठ्याचे छोटे रंगमंच करून त्यांवर कागदी पात्रे नाचवण्याचा नाद होताच. तिचे कितीतरी टॅरोचे पत्ते मला तसेच रंगमंच वाटतात. पात्र पुढे सपाट फळीवर उभे, मागे रंगवलेला पडदा टांगल्यासारखे डोंगर, समुद्र, गाव. नाण्यांच्या अठ्ठीतले ते दूरचे गावही नाटकातल्या पडद्यावरच्या गावासारखे आहे. कारागीर उठून चालू लागला तरी त्याला तिथे पोचता येणार नाही.

कवी येट्स तिच्या परिचयाचा. (रवीन्द्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ची प्रस्तावना लिहिणारा तोच.) त्याचा भाऊ जॅक याच्याबरोबर तिने एका चित्रपत्रिकेचे काम केले आणि नंतर १९०३ मध्ये स्वतःचे ‘द ग्रीन शीफ’ नावाचे मासिक काढले. चित्रे हाताने रंगवलेली. तेरा अंक निघाले आणि बंद पडले. लहान नियतकालिके कशी बंद पडतात हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०१ मध्ये ती ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळात दाखल झाली. येट्स त्यात होताच. तिथे आर्थर एडवर्ड वेट हा गृहस्थ होता. गंमत पाहा, वेट जन्मला ब्रुकलिनमध्ये आणि वाढला लंडनमध्ये. पामेला जन्मली लंडनमध्ये आणि शिकली ब्रुकलिनमध्ये. वेट विद्वान होता, जुन्या ग्रंथांत बुडालेला, आणि लिहिताना वाक्ये भलती लांबवणारा. मंडळात फूट पडल्यावर पामेला त्याच्या गटात राहिली. पण तिला मंत्रतंत्रांत फार रस होता असे दिसत नाही. तिचा गूढानुभव निराळाच होता. संगीत कानावर पडले की तिच्या डोळ्यांसमोर आपोआप दृश्ये उभी राहत आणि वाद्य वाजत असतानाच ती ती भराभर कागदावर उतरवी. बेथोवेन ऐकताना काढलेली, डेब्युसी ऐकताना काढलेली अशी तिची किती तरी चित्रे आहेत. न्यूयॉर्कचा प्रख्यात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्स याने ती पाहिली आणि जानेवारी १९०७ मध्ये आपल्या कलादालनात मांडली. त्या दालनात तोवर फक्त छायाचित्रे लागत. छायाचित्रांखेरीज तिथे भरलेले पहिले प्रदर्शन पामेलाचे. मातीस आणि पिकासो त्या भिंतींवर नंतर आले.

पुढे स्टीग्लिट्सचे लक्ष त्या नव्या मंडळींकडे वळले. मात्र १९०९ मध्ये पामेला काही कोणी नवखी, वेटने शोधून काढलेली पोर नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवे.

त्या वर्षी वेटने तिला टॅरोचे काम सांगितले. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे सहा महिने, अठ्ठ्याहत्तर पत्ते. बावीस हुकमांच्या बाबतीत वेटने आपल्या कल्पना तिला बारकाईने सांगितल्या. काही पत्त्यांसाठी तिला घास भरवावा तसे भरवावे लागले, अशा अर्थाचे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ते वाचून मला हसू आले. काम सांगणाऱ्याला नेहमीच वाटते की चित्र त्याच्याच डोक्यातून आले. हात तेवढा दुसऱ्याचा. बरे, उरलेल्या पत्त्यांचे काय? तिथे वेटने तिच्याकडे अर्थाच्या दोनचार शब्दांपलीकडे फारसे काही दिले नसावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. चित्र तिनेच रचले.

कशावरून? तलवारींची तिर्री घ्या. एक लाल हृदय, त्यात तीन तलवारी आरपार, मागे ढग आणि पाऊस. काळजाला घरे पडणे म्हणजे काय ते अक्षरशत्रूलाही कळेल. सोला बुस्का नावाच्या पंधराव्या शतकातील इटालियन पत्त्यांत असाच तीन तलवारींनी भेदलेल्या हृदयाचा पत्ता आहे आणि त्या पत्त्यांची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली होती. पामेलाने ती पाहिली असणार. साम्य इतके उघड आहे. ढग आणि पाऊस मात्र तिचा. पाऊस आला आणि जखमेचे दुःख झाले. दोन सरी तिरप्या रेघांनी काढल्या आणि एका पत्त्याचा भाव कायमचा ठरला.

नाण्यांच्या अठ्ठीला वेटने अर्थ लावले ते काम, नोकरी, सोपवलेली कामगिरी, कसब. पत्ता उलटा आला तर फसलेली महत्त्वाकांक्षा, लोभ, सावकारी. त्यानेच सुचवल्याप्रमाणे ही अठ्ठी नाण्यांच्या तिर्रीशेजारी ठेवून पाहावी. तिर्रीत एक शिल्पी मठाच्या कमानीखाली उभा आहे आणि दोघेजण त्याच्यासमोर उभे राहून ऐकताहेत. एकाच्या हातात नकाशा आहे. काम चालू आहे आणि कामाला साक्षीदार आहेत. अठ्ठीत साक्षीदार गेले. काम तेवढे उरले, आणि ते वाढले. वेटच्या यादीत एकटेपणा हा शब्द नाही. चित्रात मात्र तोच सगळ्यात आधी दिसतो. आणखी एक. तो माणूस नाणी घडवतो आहे, पण ती त्याची मजुरी नाही. तो ती खर्च करू शकत नाही. टांगून ठेवतो आणि पुढची हातात घेतो. पैशाने वेढलेला माणूस पैसेवाला असेलच असे नाही, हे मला त्या पत्त्यात दिसते. कोणी म्हणेल, हा तुमचा अर्थ. असेल. पत्त्यावर माणूस आहे म्हणून तो लावता येतो. नुसत्या आठ नाण्यांचा कोणी काय अर्थ लावणार?

पत्ते १९०९ च्या डिसेंबरात विल्यम रायडर अँड सन या लंडनच्या प्रकाशकांनी बाजारात आणले. त्याच्या थोडे आधी, नोव्हेंबरात, पामेलाने स्टीग्लिट्सला पत्र लिहून एवढे मोठे काम फार थोड्या पैशांत उरकल्याचे कळवले. चित्रांचा आकडा तिने ऐंशी सांगितला आहे. मोबदला एकदाच मिळाला. विक्रीत वाटा नव्हता. वेटने आपल्या पुस्तकात तिचे नाव घेतले, नाही असे नाही. पण पत्ते ओळखले जाऊ लागले ते प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावाने. तिच्याजवळ उरली ती प्रत्येक पत्त्याच्या कडेला लपवलेली तीन अक्षरे. मूळ चित्रांचा तर आजवर पत्ता लागलेला नाही.

पुढची बेचाळीस वर्षे थोडक्यात सांगतो, कारण तीही तशीच, थोडक्यात सांगण्यासारखी गेली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तिने भित्तिपत्रके काढली. १९११ मध्ये स्टोकरच्या एका कादंबरीला आणि १९१३ मध्ये एलेन टेरीच्या रशियन बॅलेवरील पुस्तकाला चित्रे दिली. १९११ मध्येच ती कॅथलिक झाली आणि गूढ मंडळे मागे पडली. पहिले महायुद्ध संपता संपता एका चुलत्याची थोडी इस्टेट मिळाली. त्यातून तिने कॉर्नवॉलमध्ये, इंग्लंडच्या अगदी दक्षिण टोकाला लिझर्ड इथे, घर घेतले आणि सुटीवर येणाऱ्या धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालवले. ते काही तिला श्रीमंत करून गेले नाही. चित्रे काढणे थांबले नव्हते. विकणे थांबले होते. अखेरची वर्षे कॉर्नवॉलमधल्याच ब्यूड गावी नोरा लेक या मैत्रिणीच्या सोबतीत गेली. १८ सप्टेंबर १९५१ रोजी ती तिथे वारली, वय त्र्याहत्तर. जे होते ते मैत्रिणीच्या नावे केले होते, पण कर्ज इतके की सामान लिलावात गेले. तिच्या कबरीवर नाव नाही.

नाण्यांच्या पंजीत बर्फातून दोन कंगाल माणसे चालली आहेत आणि वर देवळाची रंगीत काचेची खिडकी उजेडाने भरलेली आहे. पामेलाच्या भविष्याचा पत्ता म्हणून तो दाखवण्याचा मोह काही लेखकांना आवरत नाही. मला तो प्रकार रुचत नाही. एकतिसाव्या वर्षी तिने गरिबी काढली ती तिला ठाऊक होती म्हणून. पुढचे दिसले म्हणून नव्हे.

साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिमेत टॅरोची लाट आली. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील स्टुअर्ट कॅप्लन याच्या कंपनीने हे पत्ते हाती घेतले आणि ते जगभर गेले. त्याच कॅप्लनने नंतर पामेलाची चित्रे, पत्रे गोळा केली आणि २०१८ मध्ये इतरांच्या साहाय्याने तिच्यावर जाडजूड ग्रंथ काढला. तिच्या नावाचा उल्लेख करणारा कॅटही २००९ मध्ये शताब्दीच्या निमित्ताने निघाला होता. म्हणजे धंदा करणाऱ्यानेच अखेर तिला शोधले, हेही नोंदवायला हवे. आणि एक मौज. ब्रिटनमध्ये या चित्रांवरचा स्वामित्वहक्क २०२१ च्या अखेरीस संपला तो तिच्या मृत्यूपासून सत्तर वर्षे मोजून. वेट तर १९४२ मध्येच गेला होता. डब्याला जे नाव आठवले नाही, ते कायद्याच्या हिशेबात होते.

असो. त्या दुपारी मी पुतणीला एवढे सगळे सांगितले नव्हते. तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हते. नंतर जसे वाचत गेलो तसे फोनवर सांगत गेलो. काम घेऊ नकोस, असे मी एकदाही म्हटले नाही. पामेलाने ते काम नाकारले असते तर तो कारागीर जन्मालाच आला नसता. आणि घरभाडे मला भरायचे नाही, तिला भरायचे आहे. तिने एकदाच विचारले, काका, तुमच्या चित्रांवर तुमचे नाव असायचे का? मी खरे सांगितले. पुष्कळदा नसायचे. मी विचारलेही नाही, कारण विचारले तर पुढचे काम जाईल ही भीती. त्या रेखाटनांपैकी काही अजून कुठे कुठे छापलेली दिसतात आणि मी ती माझी आहेत हे बायकोखेरीज कोणाला दाखवू शकत नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिने प्रकाशकांना पत्र लिहिले आहे : रक्कम ठरली तीच चालेल, पण प्रत्येक पुस्तकात आतल्या पानावर चित्रकाराचे नाव छापावे आणि तिसऱ्या आवृत्तीपासून काहीतरी वेगळे द्यावे. उत्तर यायचे आहे. नमुन्याचे पहिले चित्र मात्र तिने काढून ठेवले आहे. त्यात झाडाखाली एक म्हैस बसली आहे, आणि सही कुठे आहे ते मला अजून सापडलेले नाही.